"हुशार पोरगं कुठंही शिकतं" हे आता बास करा

कृष्णाकाठची:
काल गावच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "शाळेला पत्रा का स्लॅब, पंखा आहे का नाही, याचा दहावीच्या मार्कांशी काय संबंध? हुशार पोरगं रस्त्याच्या दिव्याखालीपण शिकतं." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातनं गेलं नाही म्हणून लिहितेय.

माझी लेक यंदा दहावीला, पलूसकडच्या एका शाळेत. पूर्वपरीक्षेत गणिताचा दोन तासांचा पेपर, वर पत्रा, साडेबाराला तो तापून टकटक वाजायला लागतो. घामानं शाई फिसकटते म्हणून ती हाताखाली रुमाल धरून लिहिते. मुलींच्या संडासाला कडी नाही, आत पाणी नाही, त्यामुळं पोरगी सकाळी साडेनऊला घर सोडल्यापासून पाण्याचा घोट घेत नाही. त्या दिवशी डोकं धरून घरी आली, शेवटची दोन गणितं राहिली होती. संध्याकाळी तीच दोन्ही माझ्यासमोर ओट्याला टेकून दहा मिनिटांत सोडवली. आता सांगा, ते मार्क कुणी घालवले, तिनं का कडीनं?

माणदेशी:
ताई, राग मानू नका. आम्ही ८८ साली पोत्यावर बसून दहावी दिली, रोज पाच किलोमीटर चालत. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या जिल्ह्यात राहून पंख्याचं रडगाणं शोभत नाही. आणि २०२४ ला कोल्हापूर विभागाचा निकाल ९७.४५ टक्के, कोकणच्या खालोखाल. सातारा, सांगली त्यातच येतात ना? हालत एवढी वाईट तर हा निकाल लागला कुठनं?

निवृत्त गणितवाला:
त्या ९७ टक्क्यांत पस्तीसवाला पण आहे आणि पंच्याण्णववाला पण. पास किती झाले ते कळलं, पण ज्याला ८५ पडायचे त्याला ६० का पडले ते त्यात कुठं दिसतं? आणि पत्र्याचं सोडा, मला जादा तासाचं बोलायचंय. शाळा सुटल्यावर पाच ते सहा भूमिती घ्यायचो. सव्वापाचची एसटी गाडी आली की वाडीवरची पोरं दप्तर उचलायची, बहुतेक मुलीच. प्रमेय फळ्यावर अर्धं आणि बाक रिकामे. अकरा वर्षं बघितलं. मागं राहायची ती गावठाणातली, आणि मार्कही त्यांनाच पडायचे.

जतकर:
सर अगदी बरोबर!! माझी पुतणी त्या गाडीपायी नववी-दहावीत एकाही जादा तासाला बसली नाही, पुढची गाडी साडेसातला आणि ती येईलच याची खात्री नाही, दोन वेळा निवेदन दिलं, वेळ बदलली ती पण सकाळची, आता पहिला तास पण बुडतो.

माणदेशी:
सायकल द्या की पोरीला. आईबापच पोरांना नाजूक करतात.

जतकर:
तुमची लेक साडेसहाच्या अंधारात दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या रस्त्यावरनं एकटी पाठवा, मग आम्हाला नाजूक म्हणा. तोंडाला येईल ते बोलायचं काय?

जावळी:
भांडू नका. आमच्या तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातनं स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या. २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. त्याआधी आपण काय केलं? "काय जिद्द आहे पोरींची" म्हणून फोटो फिरवले. वल्हं मारून भरून आलेल्या हातानंच पुढं वही लिहायची असते, हे कुणी बोललं नाही.

कृष्णाकाठची:
गाडीचं पटतंय, पण माझा मुद्दा वाहून जातोय म्हणून परत येते. माणदेशी दादा, अण्णांचं नाव तुम्ही काढलंत तर ऐका. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली तेव्हापासून अण्णांचा जीव वसतिगृहात होता. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. हुशार पोरगं कुठंही शिकतं असं त्यांना वाटलं असतं तर बोर्डिंग कशाला काढलं असतं? पोराला झोपायला जागा, पोटाला भाकरी आणि शाळा जवळ पाहिजे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

माणदेशी:
बोर्डिंगचं मान्य. पंख्याचं अजून पटलेलं नाही, ते वेगळं. पण खरं सांगायचं तर आमच्या वर्गात एकतीस जण होतो, पहिल्या फटक्यात नऊ सुटलो. माझ्या शेजारी बसायचा तो माझ्यापेक्षा गणितात तल्लख होता, मार्चमध्येच मेंढरांमागं गेला. पोत्याची गोष्ट सांगताना तो कधी आठवत नाही, आज आठवला. जतकर, सायकलचं बोललो ते मागं घेतो.

जतकर:
ठीक आहे. पण तुमच्यासारखं बोलणारे आमच्या गावात शंभर आहेत.

निवृत्त गणितवाला:
ताई, कडीचं काय झालं? बोर्डाचा पेपर तोंडावर आलाय.

कृष्णाकाठची:
मुख्याध्यापक म्हणतात मंजुरी यायचीय. आम्ही चौघी आया रविवारी सुताराला घेऊन जातोय, एक पिंप आणि दोन तांबे पण ठेवणार. पत्रा काही आमच्या हातात नाही.

माणदेशी:
सुताराचे पैसे मी पाठवतो. जतकर, गाडीचं निवेदन परत लिहा, यावेळी सह्यांत माझी पण घ्या.