रात्रीची कयाक सफर: पैसे वसूल होतात का?
नवेगावबांधसारख्या तलावावर रात्री कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, जावं का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, जाहिरातीत निळं चमकणारं पाणी दाखवत असतील तर सरळ नाही म्हणा. ती चमक समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची, आपल्या गोड्या पाण्यात कुठून येणार? इकडे बघायचं ते आभाळ, तेही अमावास्येच्या आसपास.

मला खरी भीती वाटते ती जाळ्यांची. संध्याकाळी टाकलेली जाळी अंधारात दिसत नाहीत, वल्हं अडकलं की तोल गेलाच. म्हणून सोबत गावचाच ढिवर (मासेमार) भाऊ असेल तर जा. लाइफ जॅकेटचे पट्टे काठावरच आवळून बघा. खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत येत असेल तर बदलून मागा.

गोसेखुर्द धरणाच्या खाली वैनगंगेत मात्र पावसाळ्यात कुणी फुकट नेलं तरी नको. धरणाची दारं उघडली की पाणी झपाट्याने चढतं.