सोसायटीमागचा मुठाकाठ जेसीबीने ‘साफ’ करायचा ठराव येतोय. मीटिंगमध्ये काय बोलू?

काठावरचा_भाडेकरू:
पुण्यात सिंहगड रोडला मुठा नदीला लागून आमची सोसायटी. मागच्या भिंतीपलीकडे बाभळी, करंज, एक म्हातारा उंबर आणि कमरेएवढं गवत. परवा पार्किंगमध्ये दिवड जातीचा साप निघाला आणि कमिटीला निमित्तच मिळालं. जेसीबी लावून सगळं सपाट, वर लॉन आणि बाकडी. मला तिथे खंड्या, वंचक, पावसाळ्यात सुगरणींची घरटी दिसतात. पण ‘पक्षी आहेत हो’ म्हटल्यावर कोण ऐकणार? त्यात मी पडलो भाडेकरू.

मुठाकाकू:
पक्ष्यांपासून सुरुवात करूच नका. आधी विचारा, ती जागा सोसायटीची आहे का? नदीलगतचा असा पट्टा बहुतेक वेळा निळ्या पूररेषेच्या आत असतो, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्याच एकतानगरीत पाणी शिरलं, ते कमिटीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं असेल. गवत-झाडं काढलीत की खडकवासला धरणाच्या पहिल्याच मोठ्या विसर्गात लॉन जाईल, पाठोपाठ भिंतीखालची माती. खर्चाचं काढलं की लोक कान देतात.

दिवड बिनविषारी, बेडूक-मासे खाणारा. जेसीबी फिरला तर काठावरचे साप आणि घुशी जाणार कुठे? तुमच्याच पार्किंगमध्ये. भिंतीची भोकं बुजवा, भंगार हलवा, एवढ्याने भागतं.

सफाई करायचीच असेल तर हाताने. आम्ही काठ साफ करतो तेव्हा गवताला हात लावत नाही, फक्त कचरा ओढतो. प्लॅस्टिक परवडलं, साड्या-ओढण्या नकोत! पुरात वाहत येतात, करंजाच्या मुळांना पीळ घालून बसतात, त्यात गाळ भरतो. दोघींनी ओढलं तरी हलत नाही, कात्रीने कापत कापत काढावं लागतं. निर्माल्याच्या गाठोड्यात देवांच्या तसबिरी काचेसकट असतात, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिथूनच मागे फिरा. तिची अंडी उघड्या खडीवर असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

पुलावरून_बघणारा:
काकू, आमच्याकडे एक जण म्हणतात, एवढे शेकाटे, ते लांब पायांचे पाणपक्षी, उतरतात म्हणजे पाणी सुधारलंय.

मुठाकाकू:
त्यांना म्हणावं, जरा वास घ्या. शेकाट्या सांडपाण्याच्या चिखलातल्या अळ्यांवर मजेत जगतो, त्याच्यावरून पाणी जोखू नका. जलपर्णीही सांडपाण्यावरच पोसते, आणि तिच्या आडोशाला डास. फुलायच्या आत काढा आणि ढीग काठावर ठेवू नका, पाणी चढलं की पुन्हा नदीत. औषध फवारायचं तर नावच नको.

काठावरचा_भाडेकरू:
पूररेषेचा नकाशा कुठे बघायचा?

मुठाकाकू:
रेषा पाटबंधारे खातं आखतं, महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात दाखवलेली असते. प्रिंट काढून न्या, मोबाइलवर कोणी धड बघत नाही. आणि स्वतः बोलू नका, एखादा फ्लॅटमालक पुढे करा. उंबर फळला की धनेश पक्षी येतात का? येत असतील तर ते गॅलरीतून बघणारं कुणीतरी त्या बिल्डिंगमध्ये नक्की असेल, त्यांचं दार आधी वाजवा.