घड्याळ वाजलं, पुढे काय झालं? तुमचे अनुभव लिहा

सहकारनगरची लेक

आईचं वय 74. पुण्यात सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. मी बाणेरला. गेल्या दिवाळीत भावाने आणि मी मिळून तिला ॲपल वॉच घेतलं. "मनगटावर टीव्ही कसला बांधताय," म्हणत तिने ते घातलं. जन्मतारीख भरली तशी पडल्याचं ओळखणारी सोय आपोआप चालू झाली (55च्या पुढच्यांना होते, बाकीच्यांनी स्वतः चालू करायची). आम्ही निर्धास्त.

जुलैत एका सकाळी तुळशीला पाणी घालताना ती गॅलरीत घसरली. घड्याळाने काम चोख केलं. आधी मनगटावर टकटक, मिनिटभर हालचाल नाही म्हटल्यावर 30 सेकंदांची उलटी मोजणी, मग थेट इमर्जन्सी कॉल. पलीकडचा माणूस बोलायला लागला तेव्हा आई जरा भानावर आली, "राँग नंबर" म्हणाली आणि फोन कट केला!

कॉल संपला की घड्याळ घरच्यांना मेसेज आणि ठिकाण पाठवतं, तसं मला आलं. मी फोन केला तर, "काही नाही गं, बसलेय जरा." आवाजावरूनच कळलं की काहीतरी आहे. खालच्या काकूंना वर पाठवलं. आणि तिथे सगळं अडलं. सेफ्टी डोअरला आतून कडी, आतल्या दाराला लॅच आणि वर आणखी एक कडी. चोर येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त. शेवटी 101ला फोन केला, अग्निशमन दलाची माणसं शिडीने गॅलरीतून आत गेली. मी बाणेरहून पोचेपर्यंत आई स्ट्रेचरवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन चालते, बरी आहे.

कुठलं घड्याळ घ्यावं हे दुकानदारही सांगतो. मला हवंय ते घड्याळ वाजल्यानंतरचं. तुमच्याकडे वाजलं का, कोण धावलं, काय फसलं? चांगलं-वाईट सगळं लिहा.

जुनी पेठ

माझ्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. ज्या दिवशी ते बंद दिसेल त्या दिवशी घरच्यांनी समजावं.

हिंजवडी व्हाया चांदणी चौक

वडील 68, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. रोज वेताळ टेकडी, कधी टळली नाही. माझं जुनं घड्याळ त्यांना दिलं ते पावलं मोजायला. एका आठवड्यात तीनदा "हृदयाचे ठोके अनियमित" अशी सूचना आली. त्यांना काहीच होत नव्हतं. ना धाप, ना चक्कर.

फॅमिली डॉक्टरांकडे ईसीजी काढला, नॉर्मल. बाबा मला म्हणाले, "एवढ्या पैशांत आख्ख्या सोसायटीचे ईसीजी निघाले असते." पण डॉक्टरांनी विषय सोडला नाही. हे दुखणं येतं-जातं, तुम्ही ईसीजी काढाल त्या दहा सेकंदांत ते हजर असेलच असं नाही, म्हणाले. 24 तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावला आणि त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, सापडलं. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. आता रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

टेकडी चालू आहे. घड्याळाबद्दलचं मत बदललं का, तर नाही. "ते डॉक्टरांनी शोधलं," असं त्यांचं ठाम म्हणणं आहे.

कर्वेनगर टू न्यू जर्सी

ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडेही तेच दार, तीच कडी. आईच्या घड्याळात पहिला नंबर माझा टाकला होता, मुलगा म्हणून. उन्हाळ्यात आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर, थंडीत साडेदहा. तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा मी झोपेत आणि फोन सायलेंटवर. एकदा आईने पोळपाट धुताना चुकून बाजूचं बटण (मदत मागायचं) दाबून धरलं, मला मेसेज दिसला पाच तासांनी. सुदैवाने खोटाच होता. त्या पाच तासांचा विचार केला की अजून झोप लागत नाही.

आता पहिला नंबर समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा. माझा तिसरा. सांगायला जीव कसानुसा होतो.

एक फिजिशियन, डेक्कन

वरच्या होल्टरच्या अनुभवात थोडी भर. 2019 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ॲपल वॉचवरचा मोठा अभ्यास छापून आला. 4 लाखांहून जास्त माणसं होती आणि अनियमित ठोक्यांची सूचना आली ती जेमतेम अर्ध्या टक्क्याला. म्हणजे घड्याळ ऊठसूट बोंब मारत नाही. पण सूचना म्हणजे निदानही नाही. पुढची तपासणी माणसानेच करायची.

माझ्याकडे येणारी खरी डोकेदुखी वेगळीच आहे. एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून घरी बसून घड्याळावर ईसीजी काढत होते. चारदा काढला, चारही वेळा "सायनस ऱ्हिदम" (म्हणजे लय नेहमीची) आलं, मग निवांत चहा प्यायले. संध्याकाळी आले तेव्हा खऱ्या ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, आमचा बारांचा. एका खिडकीतून आख्खा वाडा दिसत नाही. हार्ट अटॅक ओळखता येत नाही हे कंपनी स्वतःच सांगते. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, तर घड्याळाकडे बघू नका. 108.

दुसरं टोक म्हणजे पंचविशीतली मुलं. रात्रीत चाळीस वेळा नाडी बघतात, मग तिच्याच काळजीने ती वाढते. त्यांना मी पंधरा दिवस घड्याळ कपाटात ठेवायला सांगतो. पेसमेकर असलेल्यांनी घड्याळ आणि त्याचा चुंबकाचा चार्जर छातीपासून वीतभर, आणि चार्जिंग चालू असेल तर फूटभर लांब ठेवावा.

कसब्यातली सून

सासूबाईंना भाच्याने दीड हजाराचा पट्टा भेट दिला. त्यावर बीपी, ऑक्सिजन, ताण, सगळंच दिसतं. बीपी कायम 118/76. सासूबाई खूश. लोणचं वाढलं, पापड वाढले. मला शंका आली म्हणून एके दिवशी भाजी निवडताना तो पट्टा दुधी भोपळ्याला बांधला. दुधीची नाडी 72, बीपी 118/76. सासूबाई पाच मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे हो त्याची."

हसलो खूप, पण दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आणलं तेव्हा त्यांचं बीपी 160च्या वर निघालं. नंतर वाचलं की हिरवा दिवा त्वचेवर पाडून परत आलेला उजेड मोजायचा, एवढंच ही पट्टी करते. समोर रक्त आहे की भोपळा, तिला काय कळतंय. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे तिथेसुद्धा दर 28 दिवसांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं, मग दीड हजारात काय मिळणार होतं?

मधुमेही, वय 52, औंध

भोपळ्यासारखीच गत माझी साखरेच्या बाबतीत. टोचायला नको, उजेडाने साखर मोजतो म्हणणारं घड्याळ ऑनलाइन घेतलं. श्रीखंड खाल्लं तरी 104. बायकोने ग्लुकोमीटरवर बघितली, 231. पैसे गेले ते गेले. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) फेब्रुवारी 2024 मध्येच अशा घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा म्हणून इशारा दिला होता, मला उशिरा कळलं. सतत साखर मोजणारं यंत्र असतं, पण ते दंडाला चिकटवतात आणि त्याची बारीक तार कातडीखाली जाते. घड्याळ त्याचे आकडे दाखवतं फक्त.

पथकातला ताशा

पडल्याचं ओळखतं म्हणता, तर ऐका. घरी गादीवर सहा वेळा धाडकन पडून बघितलं. घड्याळ ढिम्म. (आईने विचारलं, कॉलेजमध्ये हेच शिकवतात का.) आणि सरावाला ढोल घेतला त्या दिवशी दुसऱ्याच ठोक्याला "तुम्ही पडलात असं दिसतंय". तीन वेळा. कानाला त्रास होईल इतका आवाज आहे हेही सांगत होतं, ते मात्र खरंच होतं. आता वादनाआधी घड्याळ बॅगेत.

सिंहगड रोड

हसता हसता एक गंभीर गोष्ट. वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. घरातून निघतात, त्यांना कामावर जायचं असतं. लहान मुलांसाठी मिळतं ते सिमकार्ड आणि जीपीएसवालं घड्याळ त्यांना घातलं. नकाशावर घराभोवती गोल काढायचा, त्याबाहेर पाऊल पडलं की मोबाइलवर सूचना. दोनदा याने वाचवलं. एकदा तर ते स्वारगेटला बसच्या रांगेत नीट उभे होते, हातात पिशवी. मी पोचलो तर म्हणाले, "आज सुट्टी टाकलीस का?"

तिसऱ्या वेळी सूचना आलीच नाही. घड्याळातल्या सिमचा रिचार्ज संपला होता. तो नंबर कोणाच्याच रोजच्या वापरात नाही, त्यामुळे आठवणीचा मेसेजही त्या घड्याळातच गेला असणार. चूक माझीच. चार तासांनी एका रिक्षावाल्यांनी आणून सोडलं, कारण बायकोने त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशाच्या आत माझा नंबर शिवून ठेवला होता. मी घड्याळावर विसंबलो, ती सुईदोऱ्यावर.

बांगड्यांची अडचण

माझा प्रश्न साधा. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हाताने कणीक, मग हिरव्या बांगड्या कुठे? दोन्ही एकाच हातात घातल्या तर काचेवर चरे. शिवाय पट्ट्याखाली पुरळ उठलं. साबण अडकतो, रोज काढून हात कोरडा करायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुपारी दोनला, नुकता डोळा लागतो तेव्हा, "उठा, जरा हालचाल करा" असं सांगणारं यंत्र पुण्यात कोणी विकायला आणलं?

सहकारनगरची लेक

सगळ्यांचे आभार. दुधीची गोष्ट आईला वाचून दाखवली, खुर्चीत बसल्या बसल्या इतकी हसली की घड्याळाने नाडी वाढल्याचं सांगितलं.

आम्ही काय केलं ते लिहिते. आतल्या कड्या सुताराकडून काढून टाकल्या. त्यासाठी दोन दिवस अबोला झाला. लॅचची एक किल्ली खालच्या काकूंकडे, एक माझ्याकडे. सेफ्टी डोअरला बाहेरूनही उघडेल असं कुलूप. पहिला नंबर काकूंचा, न्यू जर्सीकरांचं ऐकून. चार्जिंगची वेळ ठरवली, रात्री आठ ते नऊ, मालिका बघत आई सोफ्यावर असते तेव्हा. आधी ती अंघोळीच्या वेळेला लावायची, म्हणजे नेमकं न्हाणीघरात जाताना हात मोकळा. आणि पलीकडून कोणी बोललं की "राँग नंबर" नाही, "पडले आहे, तिसरा मजला" म्हणायचं, याची तालीम घेतली. ठिकाण पोचतं, पण मजला घड्याळाला सांगता येत नाही.

परवा रविवारी आम्ही लुटुपुटूची परीक्षा घेतली. कंट्रोल रूमला उगाच त्रास नको म्हणून काकूंना नुसता फोन केला, "आई पडली समजा, या." मी जिन्यात घड्याळ लावून उभी. काकू किल्ली घेऊन सहा मिनिटांनी आल्या. एक मजला चढायला सहा मिनिटं कशी लागली विचारलं तर म्हणाल्या, "अगं, कढी उतू जात होती. खरंच पडली असती तर गॅस तसाच टाकून आले असते."

आता कढी आणि गॅस यावर त्या दोघींची चर्चा चालू आहे.