मदत हवी आहे: जमा आणि खर्च सारखेच, मग तूट आली कुठून?

पाटीखडू: तातडीने सांगा, उद्या सकाळी बारावीचा तास आहे. अर्थसंकल्पाच्या कागदावर एकूण जमा ५०,६५,३४५ कोटी, एकूण खर्चही ५०,६५,३४५ कोटी. आणि खाली राजकोषीय तूट १५,६८,९३६ कोटी! प्रिंट काढून पेन्सिलीने दोनदा बेरजा केल्या. वजाबाकी शून्यच येते.

खतावणी: कुठल्या वर्षाचा कागद? अर्थसंकल्पीय अंदाज की सुधारित? केंद्राचाच ना?

पाटीखडू: केंद्राचाच हो. २०२५-२६, अर्थसंकल्पीय.

खतावणी: मग भांडवली जमेत ‘कर्जे व इतर दायित्वे’ ही ओळ बघा. तिचा आकडा नेमका १५,६८,९३६. उचललेलं कर्जही जमेत धरलंय, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. ते वगळलं की कर, करेतर महसूल, वसूल झालेली कर्जं, निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतले हिस्से विकून आलेले पैसे) मिळून ३४.९६ लाख कोटी उरतात. ते खर्चातून वजा करा.

सह्याद्री७२: आधी राज्याचं बघा. २०२५-२६ च्या अंदाजात महाराष्ट्राचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जातंय. ते का नाही शिकवत?

पाटीखडू: राज्य नंतर. ओळ सापडली! पण बाजारातून ढोबळ उचल १४.८२ लाख कोटी, निव्वळ ११.५४, आणि तूट १५.६९. मुलांना कुठला आकडा सांगू?

खतावणी: तूट १५.६९ च. १४.८२ मध्ये जुने रोखे फेडण्यासाठी काढलेले नवे रोखेही आहेत, ते गेले की ११.५४. तूट भरायला उरलेल्यातले ३.४३ लाख कोटी अल्पबचतीतून येतात: पोस्टाची आरडी, पीपीएफ, सुकन्या. बाकी भविष्य निर्वाह निधी, परदेशी कर्ज वगैरे.

गंगाजळी: पीपीएफचं निघालंच आहे म्हणून विचारते, पैसे सुरक्षित आहेत ना? माझी पंधरा वर्षं पुढच्या मार्चला भरतात.

व्याजवजा: सर, राजकोषीय तुटीवर थांबू नका. त्यात १२.७६ लाख कोटी नुसतं जुन्या कर्जाचं व्याज आहे. ते काढलं की प्राथमिक तूट २.९३ लाख कोटी. आजचं सरकार कसं वागतंय ते हाच आकडा सांगतो.

खतावणी: पटत नाही. व्याज काय आकाशातून भरणार? आणि तूट कमी दाखवताही येते. रेशनचं धान्य खरेदी करणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला अनुदान देण्याऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जायचं, ते तुटीबाहेर राहायचं. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद केली. म्हणून कर्जाचं जीडीपीशी प्रमाण बघा: २०२५-२६ ला ५६.१ टक्के, मार्च २०३१ पर्यंत ५० च्या आसपास आणायचं केंद्राने ठरवलंय.

व्याजवजा: त्या प्रमाणातही परदेशी कर्ज आजच्या विनिमय दराने धरतात. रुपया घसरला की एक पैसा न उचलता कर्ज वाढतं. प्राथमिक तुटीला ही बाधा नाही.

पाटीखडू: दोघांचंही घेतो. फळ्यावर खर्च, त्याखाली कर्ज सोडून जमा, मग तूट. तिच्याखाली व्याज वजा करून २.९३. पाऊण तासात एवढंच बसेल.

गंगाजळी: माझं राहिलंच.

खतावणी: सुरक्षित आहे, ताई. ती केंद्र सरकारची देणी आहेत. मुदत संपली की पाच-पाच वर्षांनी वाढवताही येते, पण अर्ज वर्षाच्या आत द्या.