एस्तेर अध्याय 6: मर्दखयाला इतकी वर्षं का थांबावं लागलं?

गुरुवार पेठेतली सिस्टर

जय ख्रिस्त. येत्या शनिवारी आमच्या मंडळीच्या महिला सभेत वचन मला सांगायचं आहे. पाळकसाहेबांनी शास्त्रभाग दिलाय बायबलातल्या एस्तेर पुस्तकाचे अध्याय 5 आणि 6, म्हणजे पारसाच्या राजाचा प्रधान हामान याचा गर्व आणि राणी एस्तेरला वाढवणारा तिचा यहूदी नातलग मर्दखय याची नम्रता. गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, पण या वेळी ती मला सरळ वाचताच येत नाही. त्याचं कारण सांगते.

मी पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मागे एका नाइट ड्यूटीला चार्टवर इन्सुलिनचा आकडा 40 दिसत होता. वॉर्डमधल्या मावशी सहज म्हणाल्या, "सिस्टर, त्या आजींचं ताट तसंच परत गेलंय, काही खाल्लं नाही त्यांनी." म्हणून मी हात थांबवला आणि डॉक्टरांना उठवून विचारलं. डोस 4 युनिटचा होता. चारपुढे इंग्रजी 'यू' काढला होता, तो शून्यासारखा दिसत होता. आजी वाचल्या. नाइट रिपोर्टच्या वहीत सगळं माझ्या अक्षरात आहे, मावशींच्या नावासकट.

पुढे 12 मे रोजी परिचारिका दिनाला याच गोष्टीसाठी शाल-श्रीफळ मिळालं ते आमच्या नव्या इन्चार्ज बाईंना. त्या वॉर्डात आल्या की सगळ्यांनी उभं राहायचं, असा त्यांचा दंडक आहे. माझ्या हातात पेशंट असेल तर मी उठत नाही. तेव्हापासून माझ्या वाट्याला नाइटच नाइट येतात.

म्हणून विचारते. मर्दखयाने राजाचा जीव वाचवला आणि त्याला काहीच मिळालं नाही. तो काय मनात धरून रोज राजवाड्याच्या दरवाज्यात बसत असेल? आणि हामान पडावा असं मला आतून वाटतं, याला देवाच्या वेळेवरचा विश्वास म्हणायचं का? या मनाने मी वचन सांगू का?

खडकीचे काका

सिस्टर, सलाम. मी निवृत्त माणूस आहे, घरी बायबल अभ्यास घेतो. सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी अध्यायांची जोडणी पाहा. अध्याय 2 संपतो तो बिग्थान आणि तेरेश या द्वारपालांचा राजाला मारायचा कट मर्दखयाने उघडा केला, ते राजाच्या बखरीत लिहिलं गेलं, इथे. आणि अध्याय 3 च्या पहिल्याच ओळीत बढती कुणाला? हामानाला! तुमच्या 12 मे सारखंच झालं हे. एस्तेर राणी झाली राजाच्या सातव्या वर्षी आणि हामानाने यहूद्यांच्या कत्तलीचा दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या बाराव्या वर्षी. मधली चार-पाच वर्षं ती नोंद बखरीत नुसती पडून होती.

आता असं धरा की मर्दखयाला त्याच आठवड्यात इनाम मिळालं असतं. एक झगा, थोडी चांदी, राजाची शाबासकी, आणि हिशेब मिटला असता. मग ज्या रात्री राजाची झोप उडाली त्या रात्री बखरीत वाचून दाखवायला काय उरलं असतं? राजाने विचारलं, या माणसाचा काय सन्मान केला? सेवक म्हणाले, काही नाही. त्या 'काही नाही'वर पुढचं सगळं उभं आहे. मर्दखयाचं इनाम राहून गेलं असं आपण म्हणतो. मी म्हणतो, ते राखून ठेवलं होतं, आणि तेही त्याच्या एकट्यासाठी नव्हे.

त्या एका रात्रीत कोण काय करत होतं तेही पाहा. एस्तेरने राजाकडे आपल्या लोकांना वाचवायचं मागणं मागायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशीच्या मेजवानीचं आमंत्रण दिलं. का, ते शास्त्र सांगत नाही. तो एक दिवस पुढे गेला म्हणून ही रात्र मिळाली. हामान मर्दखयाला फाशी द्यायला अंगणात पन्नास हात, म्हणजे सुमारे 75 फूट उंचीचा खांब उभा करवतोय. राजा जागा आहे. मर्दखयाला खांबाची कल्पना नाही, एस्तेरला राजा जागा असल्याची नाही. पहाटे हामान फाशीची परवानगी मागायला येतो आणि राजाच्या हुकमाने मर्दखयाला घोड्यावर बसवून, घोडा हाती धरून शहरभर त्याची मिरवणूक काढतो. एकालाही दुसऱ्याच्या रात्रीची खबर नव्हती, आणि देवाचं नावसुद्धा त्या अध्यायात नाही. साऱ्या पुस्तकातच नाही.

चिठ्ठ्यांचंही तेच. त्या टाकल्या पहिल्या महिन्यात, आणि कत्तलीचा दिवस निघाला बाराव्या महिन्याचा, अदार 13. म्हणजे हामानाच्याच चिठ्ठीने यहूद्यांना अकरा महिने मिळवून दिले. नीतिसूत्रे 16:33 इथे सभेत वाचा: चिठ्ठ्या माणूस टाकतो, पण निर्णय परमेश्वराचा असतो.

एवढं सांगून मी तुम्हाला 6:12 वर थांबायला सांगेन, कारण संदेश देणारे बहुतेक जण घोड्यापाशीच संपवतात. घोड्यावरून उतरल्यावर मर्दखय कुठे गेला? राजाच्या दरवाज्यात, आपल्या जागी. कत्तलीचा हुकूम तसाच उभा होता. यहूद्यांना बचावाची परवानगी देणारं पत्र निघालं ते पुढे, सिवान या तिसऱ्या महिन्याच्या 23 तारखेला. मिरवणुकीने मर्दखयाचं एकही संकट टळलं नव्हतं. तरी तो परत जाऊन बसला. हामान मात्र तोंड झाकून घरी गेला, कारण मान गेल्यावर त्याच्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

हामान पडावा असं तुम्हाला वाटतं, ते देवाला सांगा, लपवू नका. स्तोत्रकर्त्यांनी याहून कडक शब्दांत सांगितलंय. आणि वचन जरूर सांगा.

वडगाव शेरीहून

आम्ही कॅथलिक. आमच्या बायबलात एस्तेरचे ग्रीक भागही आहेत, त्यांत देवाचं नाव स्पष्ट येतं. जुन्या ग्रीक भाषांतरात तर 6:1 ला प्रभूने त्या रात्री राजाची झोप काढून घेतली, असंच आहे. हिब्रूत फक्त झोप गेली, एवढंच. मला ग्रीक वाचून धीर येतो, पण आपलं रोजचं जगणं हिब्रू पानासारखं आहे. प्रभूचं नाव कुठे लिहिलेलं नसतं.

काकांशी एका बाबतीत सहमत नाही. 'राखून ठेवलं होतं' हे सगळं झाल्यावर म्हणता येतं. ज्याची वर्षं अजून मधलीच चालू आहेत त्याला ते ऐकवताना जपून बोलावं. कित्येकांची वही कधीच उघडली जात नाही, आणि त्यांनीही विश्वास ठेवलेला असतो.

रास्ता पेठेतली आजी

मी बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यू समाजातली. हे पुस्तक आम्ही पुरीमला, म्हणजे याच सुटकेच्या सणाला, सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनामंदिरात) पूर्ण ऐकतो, रात्री आणि परत सकाळी. माझी आजी पुरीमला होळीचा सण म्हणायची. आदल्या दिवशी एस्तेरचा उपास.

ताई, मर्दखय नम्र होता म्हणजे गप्प होता, असं सभेत सांगू नका. तो हामानापुढे वाकला नाही. हुकूम निघाल्यावर तो गोणपाट नेसून शहराच्या मधोमध मोठ्याने रडला, हुकुमाची नक्कल एस्तेरकडे पाठवली आणि तिला खडसावलं. देवावर भिस्त होती म्हणूनच त्याने हे केलं. हामानापाशी संपत्ती, मुलगे, पद सगळं होतं, आणि एक माणूस उठून उभा राहिला नाही म्हणून ते सारं त्याला फोल वाटलं. ते 5:13 नीट वाचा. गर्व केवढा परावलंबी असतो ते तिथे दिसतं.

आणि 2:22 सोडू नका. एस्तेरने कटाची बातमी राजाला दिली ती मर्दखयाच्या नावाने. तिला ती स्वतःच्या नावावर खपवता आली असती, मग बखरीत त्याचं नाव आलंच नसतं. आमच्या गुरूंच्या वचनांच्या जुन्या ग्रंथात, पिर्के आवोतमध्ये, याच ओवीवरून शिकवलंय, की जो एखादी गोष्ट सांगणाऱ्याच्या नावाने सांगतो तो जगात सुटका आणतो. तुम्ही त्या मावशींचं नाव वहीत लिहिलंत, हे वाचून मला फार बरं वाटलं.

गुरुवार पेठेतली सिस्टर

तिघांचेही मनापासून आभार. वडगाव शेरीचं म्हणणं मला लागलं, कारण माझी वही उघडेल की नाही हे मला खरंच माहीत नाही. तरी आजी म्हणतात तसं लेखी द्यायला विश्वास आड येत नाही. नर्सिंग सुपरिंटेंडेंटना पत्र लिहिलंय. त्यात इन्चार्ज बाईंबद्दल एक शब्द नाही. त्या रात्रीची नोंद कुठल्या पानावर आहे, मावशींनी काय सांगितलं, आणि डोस लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा ही मागणी, एवढंच आहे. उद्या ड्यूटी संपली की देणार.

शनिवारी अध्याय 5 ऐवजी 2:21 पासून वाचायला घेते, पाळकसाहेबांना तसं कळवलंय. आजी, पुरीमच्या वाचनाला बाहेरच्या बाईला येऊन बसता येतं का?