मदत हवी आहे: ब्रिज केला पण व्हीएमला आयपीच मिळत नाहीये
मंडळी, घरच्या पीसीवर उबंटू आहे, त्यात केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) व्हीएम, म्हणजे पीसीच्या आतला आभासी कॉम्प्युटर, चालवतो. डीफॉल्ट नॅटमध्ये (व्हीएम होस्टच्या, म्हणजे मूळ पीसीच्या, आयपीआड लपते) व्हीएमला १९२.१६८.१२२ वाला आयपी मिळतो, आतून नेट मस्त चालतं पण घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तिच्यापर्यंत पोचता येत नाही आणि मला तर तिच्यावर फाइल सर्व्हर ठेवायचाय जो सगळ्यांना दिसला पाहिजे. म्हणून नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्क सेटिंग) ब्रिज, म्हणजे व्हीएमला थेट घरच्या नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच, केला, लॅन कार्ड त्यात टाकलं, कार्डावरचा आयपी काढून डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी घेणं) ब्रिजवर लावलं. वायफायवर सहसा हे जमत नाही, राउटर फक्त जोडलेल्या कार्डाचाच मॅक (हार्डवेअर) ॲड्रेस चालवून घेतो, म्हणून केबलच लावलीये.

होस्टला आयपी मिळतो, व्हीएम मात्र नुसती वाट बघत बसते. टीसीपीडम्प (पॅकेट बघायचं टूल) लावलं तर व्हीएमच्या टॅप इंटरफेसवर (तिच्या आभासी लॅन कार्डाचं होस्टकडचं टोक) डिस्कव्हर पॅकेट, म्हणजे आयपीची मागणी, दिसतं, लॅन कार्डावर दिसतच नाही, म्हणजे मधेच कुठेतरी अडकतंय. मला संशय फायरवॉलचा येतोय, कारण याच मशीनवर कंटेनर (वेगळे कप्पे करून चालवलेले प्रोग्रॅम) पण चालतात आणि आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप, म्हणजे पुढे जाणारी पॅकेट टाकून द्यायची, दिसते. ब्रिजचं ट्रॅफिक आयपीटेबल्समधून जाणं सरळ बंद करू का, की कंटेनरचं नेटवर्क बिघडेल? त्यापेक्षा ब्रिजपुरता अ‍ॅक्सेप्टचा नियम टाकलेला बरा का? कोणी असं चालवत असेल तर प्लीज कमांडसकट सांगा, आणि रीबूटनंतर नियम टिकवायचा कसा तेही.