मदत हवी आहे: समुद्री शेवाळाच्या कंपोस्टने वाफा सुधारला, कुंड्यांतली रोपं मात्र करपतायत

परसदारी

नमस्कार मंडळी. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ आणून त्याचं कंपोस्ट केलं होतं. ते यंदा जमिनीतल्या वाफ्यातही घातलं आणि कुंड्यांतही. वाफ्याबद्दल तक्रारच नाही. आधी तिथे पाणी घातलं की डबकं साचायचं आणि वाळलं की ढेकळं व्हायची. आता मूठभर माती दाबली तर बोटांतून रव्यासारखी सुटते. गांडुळं वाढली आहेत, टोमॅटो आणि बीट जोरात आहेत.

कुंड्यांत मात्र तेच खत उलटलंय. खालच्या, जुन्या पानांच्या कडा आधी तांबूस होतात, मग कुरकुरीत, आणि करपलेला भाग हळूहळू आत सरकतो. पानाचा मधला भाग हिरवाच राहतो. माती ओली असूनही दुपारी रोपं माना टाकतात. मातीवर आणि कुंडीच्या काठाला आतून पांढरी खपली धरली आहे, नखाने खरवडली की भुकटी होते. फरसबीचे हाल सगळ्यात वाईट, त्याखालोखाल मिरची. पालक अजून तग धरून आहे.

खताची माहिती: शेवाळ बहुतेक तपकिरी, चामड्यासारखे पट्टे, मध्ये मध्ये हवेचे फुगे. थोडं पातळ हिरवंही होतं. धुतलं नव्हतं, कारण धुतल्याने पोषकद्रव्यं जातात असं वाचलं होतं. थोडा पालापाचोळा मिसळून ताडपत्रीखाली ठेवलं. मध्यंतरी तळाशी काळा बुळबुळीत थर झाला होता आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, ढीग उकरल्यावर गेला. कुंड्यांत साधारण निम्मी माती, निम्मं हे खत.

हे मिठामुळे आहे की आणखी काही? कुंड्या वाचतील का? आणि अजून बराच ढीग शिल्लक आहे, त्याचं काय करू?

वेलमांडव

जुन्या पानांच्या कडा करपणं हे पालाशच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेचं ठरलेलं लक्षण आहे. लाकडाची राख पाण्यात कालवून घाला, आठवड्यात फरक दिसेल.

खोडकिडा

राख?! काठावर पांढरी खपली आहे म्हणतायत त्या. मीठ आहे हे. निम्मं खत फारच झालं.

पाचोळा

वेलमांडव, लक्षण तुम्ही बरोबर ओळखलंत, पण ते इथे लागू होत नाही. पालाशची कमतरता आणि मिठाचा चटका, दोन्हींत जुन्या पानांच्या कडाच आधी जातात, म्हणून फसायला होतं. पण शेवाळात नत्र (नायट्रोजन) बेताचं, स्फुरद (फॉस्फरस) त्याहून कमी आणि पालाश मात्र भरपूर. निम्मी कुंडी ज्याने भरली आहे त्यात पालाश कमी पडेल कसं? राखेने क्षार आणखी वाढतील, सामूही (पीएच) वर जाईल. राख अजिबात घालू नका.

आता वाफ्यात चाललं ते कुंडीत का नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि न धुतलेल्या शेवाळावर ते वाळून बसलेलं असतं. वाफ्यात तुम्ही खत पातळ पसरलं असणार, शिवाय पाऊस आणि पाटाचं पाणी ते मीठ मुळांच्या खाली घेऊन जातं. कुंडीत खाली जायला जागाच नाही. कुंडीखाली बशी असेल तर गळलेलं खारट पाणी माती पुन्हा वर शोषते, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. तुमची पांढरी खपली ती हीच.

ओल्या मातीत रोप माना का टाकतं? मातीतलं पाणी खारट झालं की ते ओढून घ्यायला मुळांना जास्त जोर लावावा लागतो. पाणी समोर असून पिता येत नाही. जे पाणी वर चढतं त्याबरोबर सोडियम आणि क्लोराईडही जातात, पाणी पानातून उडतं आणि ते कडेला साठत जातात. म्हणून कड आधी करपते.

तुमच्या रोपांचा क्रमही हेच सांगतो. मातीच्या क्षारतेचं माप ईसीमध्ये, म्हणजे विद्युतवाहकतेत घेतात, एकक डेसिसीमेन प्रति मीटर. फरसबीचं उत्पन्न साधारण १ च्या पुढेच घसरायला लागतं, मिरचीचं १.५ च्या आसपास, पालकाचं २, टोमॅटोचं २.५, बीटचं थेट ४. तुम्ही लिहिलेली यादी जशीच्या तशी हीच आहे.

उपाय सांगतो. आधी पांढरी खपली आणि वरची बोटभर माती खरवडून टाकून द्या, दुसऱ्या कुंडीत नको. बशी काढा, कुंडी विटांवर ठेवा. मग कुंडीत जेवढी माती आहे तिच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू, थांबत थांबत घाला आणि खालून वाहून जाऊ द्या. पावसाचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. बोअरचं पाणी आधीच क्षारयुक्त असेल तर या धुण्याचा फारसा उपयोग नाही, ते आधी मोजून घ्या. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, नवी पालवी कशी येते ते पाहा. या पाण्याबरोबर नत्रही जाणार, पण लगेच खत देऊ नका. रोप सावरून नवं पान काढेल तेव्हा हलकं काहीतरी द्या.

गांडूळराजा

एक शंका. फुगे म्हणालात ते कसे आहेत? पट्ट्यातच, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने? की बारीक मण्यांसारखे, वेगळ्या देठावर लोंबणारे?

विचारतोय कारण दुसऱ्या प्रकारचं असेल तर ते सरगॅसम. अटलांटिकमध्ये २०११ पासून त्याचे प्रचंड तांडे येतायत, कॅरिबियन किनाऱ्यांवर खच पडतो. ते फुकटचं खत म्हणून वापरायचा मोह होतो, पण सरगॅसम आर्सेनिक साठवतं, आणि त्यातलं बरंचसं घातक, असेंद्रिय रूपात असतं. खाण्याच्या भाज्यांच्या वाफ्यात ते वर्षानुवर्षं ओतू नये.

परसदारी

जोडीजोडीने, शिरेच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे सरगॅसम नाही ना? हुश्श.

पाचोळाकाका, बशा आहेत सगळ्या कुंड्यांखाली. आजच काढते. पण धुवायचं की नाही हा गोंधळ कायम आहे. धुतलं तर पोषकद्रव्यं जातात हे खोटं का?

पाचोळा

अर्धं खरं आहे. ताज्या शेवाळात पालाश, अल्जिनेट (शेवाळातला चिकट पदार्थ) वगैरे शेवाळाच्या आतच असतं, आणि मीठ व वाळू बहुतेक बाहेरून. पाण्याचा एक-दोनदा झपाटा मारला तर बाहेरचं जातं, आतलं बहुतांशी राहतं. मात्र पिंपात दिवसेंदिवस भिजत ठेवलं तर पेशी मरून फुटतात आणि पालाश पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा ताजं असतानाच झटकन धुवायचं, निथळायचं. किंवा पावसाच्या एक-दोन चांगल्या सरी खायला पसरून ठेवायचं.

आयर्लंडच्या अरान बेटांवर लोकांनी उघड्या चुनखडीच्या कातळावर वाळू आणि शेवाळाचे थर देऊन माती घडवली आणि तिच्यात बटाटे काढले. तिथे कुणी शेवाळ धूत बसलं नाही, हे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. अहो, पण तिथे पाऊस किती पडतो! आणि कातळाच्या भेगांतून निचराही आहे. ताडपत्रीखालच्या ढिगाला यातलं काहीच मिळालेलं नाही.

खोडकिडा

त्या कुजक्या अंड्याच्या वासाबद्दल लिहितो, कारण त्यावरून ढिगाचं काय बिघडलं ते कळतं. शेवाळात लाकडासारखा कणखर भाग नसतो, त्यामुळे ते पटकन बसतं, चिकट चादरीसारखं होतं आणि आत हवा जात नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतंच. हवा नसली की जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाईड बनवतात, तोच हा वास. घरच्या ढिगात उकरून हवा दिली की संपतं. उकरताना ढिगात तोंड घालून वास घेऊ नका एवढंच, वारा पाठीशी ठेवा.

गंमत म्हणून घेऊ नका हे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे जाड थर कुजतात, वर कवच धरतं आणि आत वायू कोंडतो. २००९ मध्ये तिथे एक घोडा त्या चिखलात मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. म्हणून किनाऱ्यावरून आणायचं तर ताजं आणा, काळं पडून सडलेल्या थरात हात घालू नका. खडकाला चिकटलेलं उपटायचं नाही, वाहून आलेलंच घ्यायचं, आणि तेही सगळं उचलायचं नाही. त्याखाली किडे असतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. काही ठिकाणी उचलायला परवानगी लागते, तेवढं विचारून घ्या.

पुढच्या ढिगाला एक घमेलं शेवाळाला दोन-तीन घमेली सुका पालापाचोळा घाला. शेवाळ ओलं आणि नत्राच्या मानाने कर्ब कमी असलेलं, त्याला कोरडा कर्ब हवाच. चिरून घातलंत तर आणखी बरं.

परसदारी

ईसी मीटर उसना मिळाला. मिरचीच्या कुंडीतून गळणारं पाणी सुरुवातीला ६.८ दाखवत होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे पाणी घालत गेले, शेवटी २.१ वर आलं. नळाचं पाणी ०.४ आहे. पाणी आधी चहासारखं तपकिरी येत होतं, शेवटी जवळपास स्वच्छ.

पाचोळा

छान उतरलं. एक लक्षात घ्या, मी वर दिलेले आकडे संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीतून काढलेल्या अर्काचे आहेत. गळणाऱ्या पाण्याचं माप त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, पण कल कळतो. काही दिवसांनी परत मोजा, कारण खत कुजत राहतं तसे क्षार सुटत राहतात. ३ च्या वर गेलं तर पुन्हा धुवा.

उरलेला ढीग टाकू नका. वाफ्यासाठी उत्तम आहे, पातळ थर देऊन वरवर मिसळा. वाफ्याबद्दलच एक सावधगिरी: तुमचं वर्णन चिकणमातीचं वाटतंय. शेवाळातलं अल्जिनेट मातीचे कण धरून ठेवतं, तो रवाळपणा काही अंशी त्यामुळे. पण सोडियम साठत गेलं तर चिकणमाती पुन्हा घट्ट होते, निचरा बंद पडतो, चोपण जमिनीसारखी. दरवर्षी त्याच जागी भारंभार घालू नका. निचरा मंदावतोय असं वाटलं तर माती तपासून जिप्सम द्या. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग ते पाण्याने वाहून जातं. निचराच नसेल तर जिप्समही बसून राहील.

कुंडीसाठी हे खत मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको असं माझं मत. वापरण्याआधी एका वाटीत नुसती माती आणि दुसऱ्या वाटीत मिश्रण घेऊन दोन्हींत मुळ्याचं बी पेरा. मिश्रणात उगवण मागे पडली की समजायचं, अजून वेळ आहे.

वेलमांडव

राखेचं मागे घेतो. बाटलीत मिळतो तो शेवाळाचा अर्क मात्र मी वापरतो, त्यात मिठाची भानगड नाही ना?

पाचोळा

फवारणीला लागतो तो इतका पातळ असतो की मिठाचा प्रश्न सहसा येत नाही. पण ते खत नव्हे. त्यात वाढीला चालना देणारी द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, नत्र-स्फुरदाची भूक त्याने भागत नाही. लेबलावर सांगितल्यापेक्षा दाट करू नका.

परसदारी

मिरचीला वरून दोन नवी पानं आलीत, कडा स्वच्छ आहेत. पण त्यातल्या एका रोपाच्या जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतोय. हे नवीनच. आणि फरसबी काही वाचली नाही. त्या कुंडीत बीट लावू का? त्याला मीठ चालतं म्हणालात.

गांडूळराजा

शिरांमधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता. पालाश फार झालं की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरभर पाण्यात १०–२० ग्रॅम विरघळवून सकाळी पानांवर एकदा फवारा, मातीत घालू नका, कुंडीत क्षार वाढवायचे नाहीत आत्ता.

बीट लावा, पण त्या कुंडीत बी टाकू नका. मोठं बीट मीठ सोसतं, उगवतं बी नाही सोसत. रोपं वेगळ्या साध्या मातीत करून, चार पानं आली की मग तिथे हलवा.

परसदारी

बरं झालं विचारलं. बीट वेगळ्या ट्रेमध्ये पेरते, आणि उरलेला ढीग ताडपत्री काढून पुढच्या पावसात उघडा ठेवते.

खोडकिडा

पहिल्या एक-दोन सरीपुरताच उघडा ठेवा. त्यानंतर झाका, नाहीतर पालाशही वाहून जाईल.